पावसाळ्यातलं बाळंतपण आणि लंगोटाचं कापड

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात माझी लेक फोंड्याला बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण शेवटच्या महिन्यात तिचा रक्तदाब थोडा वाढला आणि डॉक्टरांनी घाटाचा प्रवास नको म्हणून बजावलं. तेव्हा लेकीला बेळगावला आणण्याऐवजी मीच दोन पिशव्या घेऊन अनमोड घाटाने फोंड्याला निघाले.

एका पिशवीत डिंकाचे लाडू, खारीक, ओवा, बाळंतशेपा. दुसरीत लंगोट. तब्बल तीन डझन! बेळगावच्या बाजारात चार दुकानं फिरून मी जाड, पांढरंशुभ्र, हाताला लोण्यासारखं लागणारं फ्लॅनेल घेतलं होतं. त्याचे दुहेरी लंगोट स्वतः मशीनवर शिवले होते. शिवाय टर्किश टॉवेलचे आठ तुकडे, कडा दुमडून. आमच्या गल्लीतल्या बायका ते पाहून म्हणाल्या, "काकू, दुकानच घातलंत की!" मला वाटलं, आजीचं निम्मं काम घरातूनच उरकलं.

नात झाली. गोरीगोमटी, अडीच किलोंची. आणि तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा माझं दुकान दिवाळ्यात निघालं होतं.

झालं असं, की एक तर लंगोट ओलं होण्याऐवजी बाळाची पाठ ओली व्हायची. शू कापडात जिरायचीच नाही, वरून घरंगळून दुपट्यावर उतरायची. दुसरं म्हणजे धुतलेला एकही लंगोट वाळायचा नाही. फोंड्याचा पाऊस बेळगावकरांना सांगून कळायचा नाही. आपल्याकडेही पाऊस आहे, पण गोव्यात वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगाव शहराच्या दुपटीहून जास्त. आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गॅलरीत दोरीवर चौदा लंगोट टांगलेले, दोन दिवस झाले तरी शिवणीपाशी ओलेच. वास मात्र यायला लागलेला.

"हांव कापडां घेवन येतां"

त्याच संध्याकाळी पेडण्याहून विहीणबाईंचा फोन आला. माझी रडकथा ऐकून त्या म्हणाल्या, "भियेनाकात. हांव कापडां घेवन येतां."

मला वाटलं, त्या कापड घेऊन येणार, म्हणजे दुकानातून मीटरवर. त्या आल्या तर हातात जुन्या साड्यांचं गाठोडं! तेव्हा कळलं, गोव्याच्या कोंकणीत 'कापड' म्हणजे साडी. आपल्या दुभाषी घरांना ही गंमत नवी नाही. माझं माहेर गोकाककडचं, घरात कन्नड. माझी अव्वा सुती कापडाला 'हत्ती अरिवी' म्हणायची. कन्नडमध्ये 'हत्ती' म्हणजे कापूस. माझी लेक लहानपणी समजायची, की आजीकडे हत्तीचे कपडे आहेत. आणि 'कुंची' हा शब्द तर आपण वाटूनच घेतला आहे. अव्वा त्याला 'कुंचिगे' म्हणायची.

ते गाठोडं पाहिलं आणि अव्वाचंच वाक्य आठवलं. आमच्या घरात कुणी बाळंत झालं, की ती ट्रंकेपाशी बसून सांगायची, "होस अरिवी ब्याड, हळे अरिवी तगोंड बा." नवं कापड नको, जुनं घेऊन ये. मी हे लहानपणापासून ऐकलेलं. पण लेकीच्या वेळी हातात पैसा होता, हौस होती. जुनेर कशाला, नवंच घेऊ, असं झालं.

त्या रात्री मात्र जुनं कापडही वापरलं नाही. सगळेच थकलेले. जावयांनी औषधांच्या दुकानातून तयार डायपरचं पाकीट आणलं होतं, तेच बाळाला घातलं. सकाळी विहीणबाईंनी गाठोड्यातली एक मऊ साडी फाडून बाळाला गुंडाळलं आणि आम्ही चौथ्या दिवसाच्या तपासणीला निघालो.

डॉक्टरांचे दोन प्रश्न

बाळाच्या डोळ्यांत आणि छातीवर थोडी पिवळी झाक होती. नवजात बाळांना पहिल्या आठवड्यात अशी कावीळ बऱ्याचदा होते, त्यामुळे आम्ही फार घाबरलो नव्हतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या चोवीस तासांत बाळाने किती वेळा शू केली?"

मी लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे. रात्री दहाला डायपर घातला, सकाळी सातला काढला. मध्ये दोनदा हात लावून पाहिला, तर वरून कोरडाच लागला. त्यात एकदा झाली की चारदा, कोण सांगणार? तयार डायपरच्या पोटात एक भुकटी असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेट. ती साधं पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते आणि त्याचा जेलीसारखा गोळा होतो. लघवीत क्षार असतात म्हणून ती कमी शोषली जाते, तरी एवढ्याशा बाळाच्या दोन-तीन शू कुठल्या कुठे गडप होतात. बाळाला कोरडं ठेवण्यासाठी ही सोय उत्तम, पण आमच्यासारख्या नवख्यांना मोजदाद करायला अवघड.

आणि ही मोजदाद महत्त्वाची का? अंगावर पिणारं बाळ किती प्यायलं ते दिसत नाही. ते शूवरूनच ओळखायचं. पहिल्या दिवशी एखादी, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा तरी व्हायला हव्यात. त्याहून कमी म्हणजे पोटात दूध पुरेसं जात नाही. आणि दूध कमी पडलं, शी कमी झाली, की कावीळही लवकर उतरत नाही.

दुसरा प्रश्न विचारण्याआधी डॉक्टरांनी बाळाच्या दुपट्याचा वास घेतला. "हे कापड डांबरगोळ्यांत ठेवलेलं होतं का?"

विहीणबाई म्हणाल्या, "हो, ट्रंकेतलं आहे. कसर लागू नये म्हणून."

डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे काढायला लावलं. रागावले नाहीत, पण समजावून सांगितलं. डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. अशा बाळाने नॅफ्थलीनची वाफ हुंगली किंवा ते कातडीतून अंगात गेलं, तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे नवजात बाळं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात जुन्या काळापासून आहेत.

विहीणबाई परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलल्या नाहीत. रक्ताचा अहवाल संध्याकाळी आला. कावीळ मर्यादेत होती, एन्झाइमही ठीक होतं. तेव्हा त्यांनी देवाला हात जोडले आणि मीही. मी आणलेलं नवं कापड कुचकामी ठरलं होतं आणि त्यांनी आणलेलं जुनं कापड धोक्याचं. दोघी आज्या एका पारड्यात आल्या, म्हणून भांडण झालं नाही!

जेवणाच्या टेबलावरची परीक्षा

लेक इंजिनिअर. ती म्हणाली, "आई, वाद नको. पाणी ओतून पाहू."

टेबलावर सहा कापडं मांडली. माझं फ्लॅनेल, माझं टर्किश, विहीणबाईंच्या रोजच्या नेसण्यातल्या सुती नऊवारीचा तुकडा (ही साडी ट्रंकेतली नव्हती, दांडीवरची होती), जावयांचा जुना पंचा, आणि लेकीने ऑनलाइन मागवलेल्या कापडी डायपरांतल्या दोन घड्या. एक मायक्रोफायबरची, दुसरी 'बांबू' लिहिलेली. प्रत्येकावर औषधाच्या मापाने दहा मिलिलिटर पाणी टाकलं आणि बोटांवर अंक मोजले.

माझ्या नव्याकोऱ्या फ्लॅनेलवर पाणी अळवाच्या पानावर राहावं तसं मोत्यासारखं उभं राहिलं! वीस अंक मोजून झाले तरी थेंब लोळतच होते. नऊवारीच्या तुकड्यावर पाणी पडलं आणि दुसऱ्या अंकाला नाहीसं झालं. पंचाचंही तसंच.

याचं कारण साधं आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याला पाण्याची मुळातच ओढ. पण कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणासारखा पातळ थर असतो. गिरणीत धुलाई होते तेव्हा तो बराचसा जातो, पण सगळाच जातो असं नाही. शिवाय विणताना ताण्याला खळ लावतात, आणि कापड गिऱ्हाइकाच्या हाताला मऊ लागावं म्हणून शेवटी आणखी काही चोळतात. हे सारं गरम पाण्याच्या पाच-सहा धुण्यांनंतर सुटतं. जुनं कापड शेकडो वेळा धुतलेलं असतं, म्हणून ते पाणी झटकन ओढतं. अव्वाला सेल्युलोज ठाऊक नव्हतं, पण 'होस अरिवी ब्याड' हे ती उगाच म्हणत नव्हती. माझं तेच फ्लॅनेल मी नंतर सहा वेळा उकळत्या पाण्यातून काढलं आणि ते चांगलं शोषायला लागलं. दोष कापडाचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

दुसरी परीक्षा दाबण्याची. बाळ लंगोटावर बसतं, आपण त्याला कडेवर घेतो, तेव्हा दाब येतो. ओली मायक्रोफायबरची घडी मुठीत धरली तर पाणी बोटांतून टपकलं. हे कापड पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचं असतं. पाणी तंतूंच्या आत जात नाही, मधल्या फटींत अडकून राहतं. म्हणून ते भरभर शोषतं आणि दाबलं की तेवढ्याच भरभर सोडतं. ते थेट बाळाच्या अंगाला लावायचंही नसतं, कातडी कोरडी पडते. वर दुसरं कापड हवंच.

बांबूची घडी फार मऊ होती आणि पाणीही भरपूर धरत होती. पण नावावर जाऊ नका. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून काढलेला तो व्हिस्कोस धागा असतो, म्हणजे आपल्या ओळखीच्या रेयॉनचा भाऊ. अमेरिकेत तर तिथल्या व्यापार आयोगाने २००९ साली अशा कापडाला नुसतं 'बांबू' म्हणून विकणाऱ्या काही कंपन्यांवर कारवाई केली होती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. व्हिस्कोस ओला झाला की कमजोर होतो, कापूस ओला झाला की उलट बळकट होतो. दिवसाला दहा वेळा पिळायच्या कापडाला हा फरक मोठा आहे.

वाळण्याची परीक्षा

तिसरी परीक्षा विहीणबाईंनी सुचवली आणि तीच निर्णायक ठरली. त्या म्हणाल्या, "जें सुकना, तें कामाचें ना."

सहाही कापडं भिजवून, पिळून सकाळी आठला गॅलरीत टांगली. बाहेर पाऊस कोसळत होता. दुपारच्या जेवणापर्यंत नऊवारीचा तुकडा आणि पंचा हाताला जवळजवळ कोरडे लागले. मायक्रोफायबर रात्री वाळलं. माझं दुहेरी शिवलेलं फ्लॅनेल दुसऱ्या दिवशी दुपारी. टर्किश आणि बांबूची सहापदरी घडी तिसऱ्या दिवशी, आणि तोवर टर्किशला कुबट वास आला होता.

टर्किश टॉवेल मुळात वाईट नाही. त्याच्या कापडावर धाग्यांचे फासे असतात, त्यामुळे पाणी धरायला जागा जास्त. सोलापूरच्या टेरी टॉवेलला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. चैत्रात बेळगावला किंवा विजापूरला बाळ झालं असतं, तर मी टर्किशच वापरलं असतं, तासाभरात वाळलं असतं. पण आषाढात फोंड्याला, डिचोलीला, पेडण्याला त्याच जाडीची अडचण होते.

मला त्या दिवशी जे उमगलं ते एवढंच. लंगोट अंगावर असताना जाड हवा आणि दोरीवर असताना पातळ. जुन्या साडीचा, धोतराचा, मलमलीचा चौकोन नेमकं हेच करतो. घडी घातली की आठ पदर, उलगडला की एक. शिवलेल्या लंगोटाचे पदर कायमचे एकमेकांना चिकटलेले, मधल्या पदराला वारा लागणार कुठून? म्हणून पावसाळी मुलखात बाळ होणार असेल तर एक सांगते, लंगोट शिवू नका, चौकोन फाडा.

नऊवारीचा हिशेब

नऊवार म्हणजे ३२४ इंच, पन्हा ४५ इंचांच्या आसपास. बावीस इंचांचे चौकोन काढले तर हिशेबाने अठ्ठावीस निघतात. विरलेला भाग सोडून आम्हाला बावीस मिळाले. एक चौकोन तराजूवर पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरला आणि निथळू न देता त्याच्या दुपटीहून जास्त पाणी त्याने धरलं. नवजात बाळाची एक शू म्हणजे फार तर एक-दोन मोठे चमचे. तेव्हा दिवसा एक चौकोन पुरतो, रात्री दोन एकत्र घ्यायचे किंवा मध्ये पंचाची लांबट घडी ठेवायची.

एकूण किती लागतात? पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा वेळा लंगोट बदलतो. उन्हाळ्यात दोन-अडीच डझन बास होतात. पावसाळ्यात वाळायला दीड दिवस धरून चार डझन हाताशी असावेत. दोन जुन्या साड्या आणि एक धोतर, एवढ्यात काम होतं.

घरात जुनं सुती कापड नसेल तर? आता पुष्कळ घरांत नसतंच. आपण सगळ्याच सिंथेटिक नेसतो. कपाटातल्या साड्या 'सुतीच आहेत' असं वाटतं, पण त्यात निम्मं पॉलिएस्टर असतं. आमच्या शहापूर-खासबागचे माग प्रसिद्ध, पण तिथेही आर्ट सिल्कचं काम वाढत गेलं. इरकलीतही रेशमाचा भाग असतो. म्हणून काठापदराकडे न पाहता एक दोरा उपसा आणि चिमट्यात धरून जाळा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटाने चुरडली की राख होते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. असा मणी झाला तर ते कापड बाळाला नको.

नवं घ्यायचं तर बिनारंगाची सुती मलमल किंवा धोतरजोडी घ्यावी. आपल्या सीमाभागाला इचलकरंजी जवळ, तिथल्या मागांवरचं असं कापड कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतं. मात्र ते सातव्या महिन्यातच आणून ठेवा आणि बाळ येईपर्यंत पाच-सहा वेळा गरम पाण्यातून काढा. दहा मिलिलिटर पाणी ओतून पाहा. थेंब उभा राहिला तर अजून धुवा.

धुणं आणि वाळवणं

शीचा लंगोट आधी थंड पाण्यात खळबळा, मग साबण लावा. गरम पाणी आधी घातलं तर डाग बसतो. साबण कमी आणि पाणी जास्त. साबणाचा अंश कापडात राहिला तर बाळाची कातडी लाल होते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण लंगोटाला अजिबात नको. ते धाग्यावर पातळ थर चढवतं आणि कापड पुन्हा कोऱ्यासारखं पाणी झिडकारतं. आमच्या शेजारणीचा चांगला शोषणारा लंगोट अचानक गळायला लागला होता, त्याचं कारण हेच निघालं. जंतुनाशकाचा डोसही नको, उकळतं पाणी आणि ऊन पुरे.

पण ऊन नसेल तेव्हा? गोव्यात आणि कोकणात पूर्वी निखाऱ्यांवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाचे कपडे वाळवत, ओव्याची धुरी देत. विहीणबाईंनी त्यांच्या तिन्ही मुलांना असेच कपडे घातले. हे कपडे छान कोरडे होतात, पण बाळाच्या खोलीत हे करू नये. धूर एवढ्याशा छातीला सोसत नाही आणि दारं-खिडक्या लावून निखारे ठेवले तर जिवावर बेततं. आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, खिडकी किलकिली ठेवली आणि पंखा लावला. सगळे चौकोन एकेरी टांगले, एकमेकांना न चिकटवता. शेवटची दमट झाक इस्त्रीने काढली. जुन्या मलमलीला इस्त्री फिरवायला क्षणभर लागतो.

एक महत्त्वाचं. वरच्या जलरोधक चड्डीला इस्त्री करू नका, उकळूही नका. तिच्या आतला पातळ थर सुटतो. आणि ती चोवीस तास घालायचीही नाही. आपल्या आज्या बाळाच्या खाली मेणकापड पसरत, अंगाला गुंडाळत नसत. त्यामुळे ओलं झालं की लगेच कळायचं आणि कातडीला वाराही लागायचा.

इतकं करूनही लाली आलीच तर साध्या पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा आणि थोडा वेळ बाळाला मोकळंच ठेवा. पावडर थापू नका. तीन दिवसांत उतरलं नाही, किंवा लालीभोवती बारीक पुरळ उठलं, तर डॉक्टरांना दाखवा. बुरशीचा संसर्ग असू शकतो.

तयार डायपर वाईटच का?

मुळीच नाही. एखादी नोकरी करणारी, एकटी राहणारी, टाक्यांनी बेजार झालेली आई रात्री डायपर घालत असेल, तर तिला बोलणारी मी कोण? बायकांची ही अडचण जगभर सारखीच. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने १९४६ साली ओल्या दुपट्यांना कंटाळून न्हाणीघराचा पडदा कापला आणि लंगोटावरची जलरोधक चड्डी शिवली. पुढे १९६१ साली तिथे 'पॅम्पर्स' बाजारात आलं. आपल्या मुलांच्या वेळी ही सोय महाग होती, आता खेड्यातल्या दुकानातही मिळते.

मी फक्त दोन गोष्टी सांगेन. पहिली, दूध नीट उतरून बाळाचं वजन वाढू लागेपर्यंत निदान दिवसा तरी कापडी लंगोट वापरा, म्हणजे शू मोजता येते. दुसरी, दिवसाला आठ धरले तर वर्षाला २,९०० च्या वर डायपर होतात. ते कुठे जाणार याचा विचार करा. ते कुजत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ते नीट गुंडाळून वेगळे द्यायला सांगितलं होतं. पण पावसात नाल्याच्या काठी फुगलेले डायपर मी फोंड्यातही पाहिले आणि बेळगावातही.

पाटीवरच्या रेघा

चौथ्या दिवसापासून आम्ही नातीला फक्त चौकोन वापरले. स्वयंपाकघराच्या दाराला पाटी टांगली. लंगोट ओला निघाला, की एक रेघ. पहिल्या चोवीस तासांत तीनच रेघा झाल्या. लेकीचे डोळे भरून आले. तिला वाटत होतं, बाळ शांत झोपतंय म्हणजे पोट भरलेलं आहे. प्रत्यक्षात ते थकून झोपत होतं. डॉक्टरांनी दर दोन तासांनी उठवून पाजायला सांगितलं, बाळाने नीट तोंड कसं धरायचं ते परिचारिकेने दाखवलं. दुसऱ्या दिवशी पाच रेघा. सहाव्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी पाटी मोजली आणि मोठ्याने ओरडल्या, "सात!" त्या आठवड्यात बाळाची पिवळी झाक उतरली.

ट्रंकेतल्या साड्या आम्ही नातीला लावल्या नाहीत. त्या धुऊन बरेच दिवस उन्हा-वाऱ्यात ठेवायला हव्या होत्या, आणि ऊन कुठून आणणार? दिवाळीनंतर विहीणबाईंनी सगळ्या ट्रंका उघडून डांबरगोळ्या फेकल्या आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. मी बेळगावला परतल्यावर माझ्याही कपाटाचं तेच केलं.

नात आता दोन वर्षांची आहे, तिला लंगोट लागत नाही. बावीसपैकी सोळा चौकोन अजून धड आहेत. गेल्या महिन्यात ते गरम पाण्यातून काढले, उन्हात कडक वाळवले आणि निपाणीला माझ्या भाचीकडे पाठवले. तिला सातवा महिना चालू आहे. बरोबर एक पाटी आणि पेन्सिलही दिली आहे.